हादरा इथला, सूत्र कुठले?

घोडनदीपासून दोन-अडीच किलोमीटर आत, शिरूर तालुक्यातल्या एका शिवारात नव्या विहिरीचे काम चालू होते. मी काठावर उभा राहून वरून खाली एकेक थर वहीत उतरवून घेत होतो. चार मीटर काळी, तिच्याखाली चुनखडी मिसळलेला मुरूम, मग मांजऱ्या, आणि तळाशी सुरुंगाशिवाय न हलणारा काळा कातळ. विहिरीचे मालक, सत्तरीच्या घरातले अण्णा, जवळ येऊन म्हणाले, "पाण्याचं बघताय का साहेब?"

"नाही अण्णा, भूकंपाचं बघतोय."

ते जरा थांबले. "आपल्याकडं कुठं आलाय भूकंप? तो कोयनेला न् किल्लारीला."

अण्णांना मी त्या वेळी काही बोललो नाही. पण १९६७ च्या आधी कोयनेच्या खोऱ्यातला माणूस हेच म्हणाला असता, आणि १९९३ च्या आधी औसा-उमरग्याकडचाही. नुसता माणूसच कशाला, सरकारी नकाशाही हेच सांगत होता. देशाचा पहिला भूकंपक्षेत्र नकाशा १९६२ मध्ये आला आणि १९६६ मध्ये सुधारला गेला. दख्खनचे पठार त्यात जवळजवळ निर्धोक मानलेले होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला आणि १९७० च्या नकाशात कोयना एकदम चौथ्या विभागात गेली. किल्लारी तर ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट उजाडेपर्यंत पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होती. सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या भिंती आणि माळवदाखाली गेली. पुढे २००२ च्या नकाशात तो पहिला विभागच रद्द झाला. दोन्ही वेळा आधी जमीन हलली, नकाशा मागून हलला.

शिरूर आणि दौंड हे तालुके कोयना आणि किल्लारीच्या मधल्या पट्ट्यात आहेत. सरळ रेषेत मोजले तर कोयनेपासून दौंड दीडशे किलोमीटरच्या आसपास आणि शिरूर एकशे सत्तरच्या. किल्लारीपासून दौंड सव्वादोनशेच्या थोडे अलीकडे, शिरूर अडीचशेच्या घरात. या पट्ट्यात आज काय काय उभे आहे ते पाहा: रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसी, त्यातही कुरकुंभला रसायनांचे कारखाने; दौंडचे रेल्वे जंक्शन; चिंचणीजवळचे घोड धरण; साखर कारखान्यांची धुराडी आणि मोलॅसिसच्या टाक्या; आणि शिक्रापूर-सणसवाडीकडे दर वर्षी एकेक मजला चढवत जाणाऱ्या इमारती. यांतले काहीही बांधताना अभियंत्याला एक आकडा लागतो: इथली जमीन जास्तीत जास्त किती जोराने हलेल? हा आकडा येतो कुठून, हे फारच थोड्यांना ठाऊक असते, आणि गोम तिथेच आहे.

तो येतो एका सूत्रातून. शास्त्रज्ञ त्याला 'ग्राउंड मोशन मॉडेल' म्हणतात, आपण हादऱ्याचे सूत्र म्हणू. त्यात भूकंप किती मॅग्निट्यूडचा हे घालायचे, तो किती दूर आणि किती खोल झाला हे घालायचे, भ्रंश कसा सरकला आणि आपल्या पायाखालची जमीन कशी आहे हे घालायचे. मग सूत्र सांगते की या ठिकाणी जमिनीचे त्वरण अमुक इतके होईल. त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजतात. ०.१० म्हणजे इमारतीला तिच्या वजनाच्या दहा टक्के जोराने आडवा धक्का, असे ढोबळमानाने समजावे.

असे सूत्र कागदावर बसून सुचत नाही, नोंदींमधून काढावे लागते. भूकंप होतो, ठिकठिकाणी बसवलेले त्वरणमापक जमिनीची थरथर टिपतात, आणि हजारो नोंदी एकत्र करून त्यांतून वळण शोधतात. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या 'एनजीए-वेस्ट टू' या प्रकल्पात २१ हजारांहून अधिक नोंदी होत्या. कॅलिफोर्निया, जपान, तैवान, तुर्कस्तान, इटली अशा सतत हलणाऱ्या प्रदेशांचे हे धन. आणि आपल्याकडे?

आपल्याकडे कोयना धरणाच्या पोटातली एक नोंद आहे. धरणाच्या गॅलरीत बसवलेल्या त्वरणमापकाने १९६७ च्या त्या पहाटे धरणाच्या अक्षाच्या दिशेने ०.६३ आणि त्याच्या काटकोनात ०.४९ इतके त्वरण टिपले. धरणाचे संकल्पन ०.०५ धरून केलेले होते. १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, त्याला तडे गेले, नंतर मागून टेकू देऊन ते मजबूत केले. जगभरच्या धरण अभियंत्यांनी या नोंदीचा अभ्यास केला आहे आणि अजून करतात. पण यंत्र होते धरणाच्या आत. त्याने टिपलेल्या थरथरीत जमिनीचा भाग किती आणि धरणाच्या स्वतःच्या डोलण्याचा किती, हे वेगळे करणे अवघड आहे. मोठ्या भूकंपाची अगदी जवळून मिळालेली नोंद एकच, आणि तीही अशी मिश्र.

किल्लारीला तर जवळपास एकही त्वरणमापक नव्हता. दूरच्या वेधशाळांच्या भूकंपमापकांवर लाटा उमटल्या, पण गाव पडत असताना गावाखालची जमीन किती जोराने हलली ते कुठल्याच यंत्राने टिपलेले नाही. नंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथे यंत्रे नेऊन पश्चात धक्के मोजले. मुख्य धक्क्याची साक्ष द्यायला राहिल्या पडलेल्या भिंती. पुढच्या काळात देशात त्वरणमापक बरेच बसले, पण त्यांतले बहुतेक हिमालयात आणि ईशान्येत, आणि ते स्वाभाविकच होते. दख्खनचे पठार त्या बाबतीत अजून कोरडवाहूच आहे.

नोंदी नाहीत म्हणजे सूत्र उसने आणायचे. इथेच सगळी चूक होऊ शकते.

आपला शेतकरी बियाणे आणताना काय विचारतो? हे कुठल्या जमिनीत तयार झाले, तिथे पाऊस किती, जमिनीचा पोत कसा. कोकणातले भाताचे बी कितीही नामांकित असले तरी शिरूरच्या माळावर कोणी टाकत नाही. हादऱ्याच्या सूत्राचेही तसेच आहे. ते ज्या जमिनीत तयार झाले तिचा स्वभाव घेऊनच येते. माझ्या पाहण्यात या भागातल्या एका बांधकामाचा अहवाल आला होता. त्यात कॅलिफोर्नियाच्या नोंदींवरून काढलेले एकच सूत्र घेतले होते, आणि का घेतले याबद्दल एक ओळही नव्हती. आकडा मात्र दशांशचिन्हानंतर तीन घरांपर्यंत दिलेला. मला त्या तीन घरांची भीती वाटली.

कॅलिफोर्नियाचे कवच तरुण, तापलेले, भ्रंशांनी चिरफाळलेले आहे. लाट त्यातून जाताना लवकर दमते. जुन्या, थंड, घट्ट कवचातून तीच लाट लांबवर जाते. २३ ऑगस्ट २०११ ला अमेरिकेच्या पूर्व भागात, व्हर्जिनियातल्या मिनरल या गावाजवळ ५.८ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. कॅलिफोर्नियात असे धक्के आसपासच्या जिल्ह्यांपुरते राहतात. हा कॅनडापर्यंत कोट्यवधी लोकांना जाणवला. जवळच्या नॉर्थ ॲना अणुवीज केंद्रात तर संकल्पनापेक्षा जास्त हादरा नोंदला गेला. त्यानंतर अमेरिकेच्या पूर्व भागासाठी वेगळी सूत्रे करण्याचे काम आणखी नेटाने झाले.

मग आपण पूर्व अमेरिकेचे सूत्र आणले की झाले? तसेही नाही, कारण दख्खनचे कवच सगळीकडे सारखे नाही. कवचातून जाताना लाट किती दमते हे सांगणाऱ्या गुणाला 'क्यू' म्हणतात. क्यू जितका मोठा तितकी लाट कमी दमते. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत आर. एन. अय्यंगार आणि एस. टी. जी. रघुकान्त यांनी २००४ मध्ये द्वीपकल्पीय भारतासाठी स्वतंत्र सूत्रे मांडली. त्यांनी द्वीपकल्पाचे तुकडे पाडून कोयना-वारणेसाठी वेगळा क्यू घेतला आणि पश्चिम-मध्य भारतासाठी वेगळा. सेकंदाला एक हेलकावा अशा लाटेसाठी कोयना-वारणेचा क्यू १६९, तर पश्चिम-मध्य भारताचा ५०८.

या दोन आकड्यांनी दौंडला काय फरक पडतो? मी बोटांवर नाही पण कॅल्क्युलेटरवर हिशेब केला. अंतर दीडशे किलोमीटर, लाटेचा वेग सेकंदाला ३.६ किलोमीटर. पसरत जाताना लाट विरळ होते तो भाग दोन्हीकडे सारखा असतो, म्हणून बाजूला ठेवला. निव्वळ दमण्याचा विचार केला, तर क्यू १६९ धरल्यावर दौंडला पोचेपर्यंत लाटेचा सुमारे ४६ टक्के जोर उरतो. क्यू ५०८ धरला तर सुमारे ७७ टक्के. भूकंप तोच, दौंड तेच. कोयनेच्या खोऱ्याचा स्वभाव दौंडच्या वाटेला चिकटवायचा की पठाराचा, या एका निर्णयाने उत्तर दीडपटीहून जास्त बदलले. वास्तवात ती लाट निघताना कोयनेच्या चिरफाळलेल्या खडकातून जाते आणि पुढची बरीचशी वाट पठारातून काढते. म्हणून एकच आकडा धरून बसणे मला चुकीचे वाटते. दोन्ही धरावेत, आणि कुठल्यावर किती विश्वास टाकला तेही लिहावे.

जिथे नोंदी नाहीत तिथे अय्यंगार-रघुकान्त यांनी सूत्र कसे काढले, हे मला फार सुंदर वाटते. मोठ्या भूकंपाची नोंद नाही, पण लहान भूकंपांच्या नोंदी आहेत. त्यांवरून कवच लाटेला कसे वागवते ते कळते. भ्रंश तुटताना लाटा कशा निघतात याचे भौतिकशास्त्र माहीत आहे. डेव्हिड बूर यांनी १९८३ मध्ये घडवलेल्या पद्धतीने या सगळ्याची सांगड घालून संगणकावर हजारो कृत्रिम भूकंप करता येतात, आणि त्यांतून सूत्र बसवता येते. पुढे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी अय्यंगार यांच्या समितीने देशाचा संभाव्यतेवर आधारलेला भूकंपधोक्याचा नकाशा केला, तेव्हाही प्रदेशागणिक वेगळी सूत्रे वापरली. उसने आणण्यापेक्षा हे घरचे. पण घरचे असले तरी त्याला मोठ्या भूकंपाच्या नोंदीची कसोटी लागलेली नाही, म्हणून त्यालाही एकट्याने गादीवर बसवू नये.

यासाठी जगभर एक रीत पडली आहे. फाब्रिस कोटों, फ्रांक शेरबाउम, ज्युलियन बॉमर आणि हिल्मार बुंगुम यांनी २००६ मध्ये ती नीट लिहून काढली. उपलब्ध सगळी सूत्रे समोर मांडायची आणि चाळणी लावायची. जे अगदी वेगळ्या भूरचनेतून आले आहे ते बाद. हिंदुकुशच्या खोल भूकंपांचे सूत्र दौंडला चालणार नाही. ज्याच्या नोंदी कुठून घेतल्या हे नीट सांगितलेले नाही ते बाद. ज्या कर्त्यांनी स्वतःच नवे सूत्र देऊन जुने मागे टाकले ते जुने बाद. आपल्याला लागणाऱ्या हेलकाव्यांच्या पल्ल्यात जे उत्तरच देत नाही तेही बाद. चाळणीवर चार-पाच उरतात. त्यांना वजने द्यायची आणि फांद्या फुटल्यासारखे वेगवेगळे हिशेब शेवटपर्यंत चालवायचे. याला 'लॉजिक ट्री' म्हणतात. त्यातले मोलाचे काय, तर तज्ज्ञांचा मतभेद सरासरीच्या पोटात लपत नाही, उत्तराच्या रुंदीत दिसतो.

ही रुंदी दोन प्रकारची असते आणि त्यांची गल्लत होते. एक आपल्या अज्ञानाची, जी नोंदी वाढल्या की आकसेल. दुसरी निसर्गाची. एकाच सूत्रात, एकाच मॅग्निट्यूडच्या, एकाच अंतरावरच्या भूकंपांचे प्रत्यक्ष हादरे मधल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना पसरतात. त्या पसाऱ्याला 'सिग्मा' म्हणतात आणि तो साधारण असा असतो की दर सहा वेळांत एकदा हादरा मधल्या आकड्याच्या जवळजवळ दुपटीच्या वर जातो. अहवालात नुसता मधला आकडा लिहून सिग्मा गाळणे म्हणजे दर सहा वेळांत एकदा होणारी गोष्ट होणारच नाही असे मानणे.

निवडलेली सूत्रे स्थानिक नोंदींवर पारखून घ्यावीत, हा सल्ला बरोबरच आहे, पण त्यात एक खड्डा आहे. आपल्याकडच्या नोंदी बहुतेक लहान धक्क्यांच्या. पालघरला नोव्हेंबर २०१८ पासून छोट्या धक्क्यांची मालिका लागली, कोयना-वारणेत तर धक्के साठ वर्षे चालूच आहेत. साडेतीनच्या धक्क्यावर जे सूत्र नापास होते ते सहाच्या भूकंपावर चांगले असू शकते, आणि उलटही. लहान वासरू पळाले म्हणून बैल औताला कसा चालेल ते सांगता येत नाही.

आता पुन्हा विहिरीच्या काठावर या. बाकी सगळे जमले तरी शेवटची तीस मीटर जमीन हिशेब बिघडवू शकते, आणि या तालुक्यांत ती बिघडवतेच. जगभरची सूत्रे जमिनीचा प्रकार एका आकड्यात मागतात: वरच्या तीस मीटरमधून आडवी हलणारी लाट सरासरी किती वेगाने जाते. तो मोजायला जमिनीवर ओळीने जिओफोन मांडतात, लोखंडी पाटावर घण मारतात आणि लाट एकेका जिओफोनला कधी पोचली ते पाहतात. समजा अण्णांच्या विहिरीत चार मीटर काळीत वेग १८०, सहा मीटर मुरूम-मांजऱ्यात ४००, आणि खालच्या वीस मीटर कातळात १५०० मीटर आहे. सरासरी येते सेकंदाला सुमारे ५९० मीटर. कॅलिफोर्नियाच्या सूत्राला हा आकडा दिला तर ते म्हणेल, चांगली टणक जागा आहे, निश्चिंत असा.

पण कॅलिफोर्नियात ५९० असलेल्या जागी वेग सहसा हळूहळू वाढत गेलेला असतो. आपल्याकडे दहा मीटर मऊ, आणि मग एकदम कातळ. मऊ थरातली लाट कातळावर आपटून पुन्हा वर येते, वरून पुन्हा खाली, आणि थर स्वतःच्या तालावर झुलू लागतो. वरच्या दहा मीटरचा सरासरी वेग २७० धरला तर हा ताल सेकंदाला सहा-सात हेलकाव्यांचा येतो. एक-दोन मजली पक्क्या घराचा ताल साधारण तोच. म्हणजे आकडा 'टणक' म्हणतो त्याच जागी बैठी घरे जास्त हलतील. नदीकाठी चित्र आणखी वेगळे. घोड आणि भीमेने काही ठिकाणी गाळाचे जाड थर टाकले आहेत. इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलेली साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती नदीकाठीच होती. समजा गाळ अठरा मीटर आणि वेग २२०. सरासरी घसरते ३३० च्या आसपास आणि ताल सेकंदाला तीन हेलकाव्यांचा होतो. आता तीन मजली इमारतींनी सावध राहायचे. आणि टाकळी हाजीला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिले तर उघडा, घासून गुळगुळीत झालेला बेसाल्ट. एकाच तालुक्यात तीन जमिनी, आणि नकाशावर तालुक्याला रंग एकच.

खाली गेल्यावरही बेसाल्ट सलग नाही. लाव्हाच्या एकेका प्रवाहामध्ये तांबड्या मातीचे मऊ पट्टे आहेत. कोयनेच्या परिसरात गोठणे येथे केलेल्या खोल विहिरीत सव्वा किलोमीटरच्या आसपास जाडीचा बेसाल्ट लागला. किल्लारीच्या विहिरीत तो ३३८ मीटरवर संपला, त्याखाली आठ मीटर जुना गाळ आणि मग आदिम खडक. शिरूर-दौंड कोयना आणि किल्लारी या टोकांच्या मध्ये. कठीण थराखाली मऊ, पुन्हा कठीण, ही रचना जगातल्या बहुतेक सूत्रांनी गृहीतच धरलेली नाही.

आणि एक गोष्ट अण्णांना सांगायची राहून गेली होती. या तालुक्यांना कोयनेच्या दीडशे किलोमीटर दूरच्या भूकंपापेक्षा जास्त चिंता पायाखालच्या, अजून कोणाला माहीत नसलेल्या भ्रंशाची करावी लागते. किल्लारीचा भ्रंश भूकंपाआधी कुठल्या नकाशावर होता? म्हणून नीट केलेल्या हिशेबात साडेपाच-सहाचा एक भूकंप कुठेही, अगदी पंधरा-वीस किलोमीटरवरही होऊ शकतो असे धरतात. तेवढ्या जवळ सूत्रांचे एकमेकांशी सर्वांत जास्त वाकडे असते, कारण जुन्या कवचातल्या इतक्या जवळच्या नोंदी जगातच मूठभर आहेत. यावर उपाय एकच, यंत्रे इथे बसवणे. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळेला आणि नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेला धरणांवरच्या भूकंपमापनाचा दांडगा अनुभव आहे. घोड धरणाजवळ, कुरकुंभच्या कातळावर आणि दौंडला भीमेच्या गाळावर एकेक त्वरणमापक बसला, तर मोठ्या भूकंपाची वाट पाहावी लागणार नाही. दूरच्या लहान धक्क्यांवरूनच गाळ कातळापेक्षा किती जास्त हलतो ते कळेल.

वही मिटून मी निघालो तेव्हा अण्णा चहाला थांबवून घेत म्हणाले, "पण साहेब, कोयनेचा इथवर आला होता बरं का. मी बारा-तेरा वर्षांचा आसंन. पहाटं आमच्या गावातल्या घरी उतरंड खडखडली, वरचं गाडगं खाली पडून फुटलं. आई म्हणाली मांजर आलं."

यंत्रे नव्हती तेव्हाचे भूकंप शास्त्रज्ञ अशाच आठवणींवरून मोजतात. कुठे झोपमोड झाली, कुठे भांडी पडली, कुठे भिंत चिरली, यावरून तीव्रतेच्या रेषा काढतात आणि सूत्रांचे उत्तर त्यांच्याशी ताडून पाहतात. मी वही पुन्हा उघडली. घर कुठे होते, विचारले.

"नदीकडच्या आळीत."

"आणि वर माळावर कोणी राहत होतं त्या वेळी?"

"चुलतं होतं ना, वस्तीवर. दगडावरच घर त्यांचं." अण्णांनी आठवून पाहिले. "त्यांना काय जागच आली नाही. सकाळी आम्हीच जाऊन सांगितलं."

गाळ, भांडे फुटले. कातळ, झोप मोडली नाही. दोन्ही घरांतले अंतर विचारून घेतले आणि शेजारी लिहिले: अर्धा कोस.